नव्या वस्तूविषयींचें गाऱ्हाणें

निगडी, चिंचवड किंवा मोशी येथील एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत नवा स्मार्टफोन आला म्हणजे पहिले दोन दिवस कौतुकाचे जातात. तिसऱ्या दिवशीं गाऱ्हाण्यांस प्रारंभ होतो. फोन इतका मोठा कीं एका हातांत धरला असतां अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोंचत नाहीं. पाठीमागें कॅमेऱ्याचा उंचवटा असा आलेला कीं टेबलावर ठेवून त्यावर बोट टेकावें तों तो डुगडुगतो. पाठ कांचेची, म्हणून ती जपण्यासाठीं रबरी वेष्टण. आणि ज्या रंगावरून घरांत चार दिवस वाद झाला तो रंग त्या वेष्टणाखालीं कायमचा झांकलेला. पेटींत चार्जर नाहीं. जुन्या ईअरफोनची गोल पिन घालावयास छिद्र नाहीं. बॅटरी आंतच चिकटविलेली, त्यामुळें ती बदलावयाची तर फोन परक्याच्या हवालीं करावा लागतो. घरांतील आजोबांचें गाऱ्हाणें याहून निराळें असतें. त्यांनीं न मागितलेलीं दहा-पंधरा अ‍ॅप फोनमध्यें आधींच बिऱ्हाड करून राहिलेलीं असतात, आणि त्यांतील कित्येकांस घालवूं म्हटलें तरी तीं जात नाहींत.

अशीं गाऱ्हाणीं आज जगांत सर्वत्र ऐकूं येतात. त्यांत पिंपरी-चिंचवडचें विशेष असें कांहीं नाहीं. विशेष आहे तें गाऱ्हाणें करणाऱ्या माणसाचें. पिंपरीपासून भोसरीवरून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, त्यांत मोटारी, दुचाकी गाड्या आणि त्यांचे हजारों सुटे भाग तयार होतात. एके काळीं चाकणचें नांव निघालें कीं कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध झुंजविलेला किल्ला एवढेंच आठवे. आज तेथें जर्मन, जपानी आणि देशी कंपन्यांच्या पाट्या एकीशेजारीं एक उभ्या आहेत. रात्रीं जेवतांना फोनच्या नांवानें बोटें मोडणारा चिंचवडचा गृहस्थ सकाळीं कारखान्याच्या बसनें चाकणला जातो, आणि तेथें त्याच्या मेजावर कोठल्या तरी परगांवच्या मोटारमालकाचें गाऱ्हाणें येऊन पडलेलें असतें: दार दोनदां आपटल्याखेरीज लागत नाहीं, पहिल्या पावसांत कांच आंतून धुरकटते, मागच्या आसनाखालून आवाज येतो. दिवसां गाऱ्हाण्यास उत्तर द्यावयाचें आणि रात्रीं स्वतः गाऱ्हाणें करावयाचें, अशी दुहेरी भूमिका येथील हजारों कुटुंबांत चालूं आहे. नव्या वस्तूविषयींच्या तक्रारीचा विचार करावयास याहून सोईचें ठिकाण मिळणें कठीण.

वस्तु जितकी सदोष तितकी तक्रार मोठी, अशी सर्वसाधारण समजूत असते. या गांवाचा अनुभव तसा नाहीं. आकुर्डी येथील बजाज कारखान्यांत १९७२ सालीं चेतक स्कूटर तयार होऊं लागली. इटलींतील पियाज्जियो कंपनीशीं असलेला करार त्याच्या आदल्या वर्षीं संपला होता, आणि व्हेस्पाच्याच वळणाची ही गाडी राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन बाजारांत आली. तिचें एंजिन मधोमध नसून उजव्या अंगास. त्यामुळें तिचा तोल त्या बाजूस झुके. सकाळीं ती सुरू होईना म्हणजे मालक तिला एका अंगास कलती करून क्षणभर धरी आणि मग किक मारी. गिअरची व क्लचची तार केव्हां तुटेल याचा नेम नसे. पेट्रोलांत तेल मिसळून घ्यावें लागे, प्लग वारंवार काजळे, आणि म्हणून प्लगचा पान्हा व घांसण्यास जुना ब्रश हें साहित्य डिकींत सदैव तयार असे.

आजच्या मापानें मोजलें तर हे सगळे रचनेंतील दोषच होत. तथापि त्या पिढीच्या तोंडून चेतकची निंदा क्वचितच ऐकूं येई. स्कूटर कलती करणें हा तिच्या लेखीं गाडीचा दोष नव्हता, तें मालकाचें कसब होतें. आणि मुलगा कॉलेजांत जाऊं लागला म्हणजे तें कसब त्यास रीतसर शिकविण्यांत येई. याचें कारण लोक अधिक सोशिक होते असें नव्हे. कारण रांगेंत होतें. कारखान्यानें वर्षास किती गाड्या काढाव्या याची मर्यादा सरकारी परवान्यानें ठरविलेली, आणि मागणी तिच्या कितीतरी पट. नोंदणी केल्यापासून गाडी दाराशीं येईपर्यंत दहा-दहा वर्षें लागत. ज्यानें दहा वर्षें वाट पाहिली तो अकराव्या वर्षीं आवाजाविषयीं हुज्जत घालीत नाहीं. शिवाय ही गाडी परत करून दुसरी आणावयाची म्हटलें तर त्या दुसरीसाठींहि पुन्हां रांगच.

रांग मोडली आणि गाऱ्हाण्यास कंठ फुटला. याचा सर्वांत स्पष्ट दाखला पिंपरींतच मिळतो, आणि तो थोडा विस्तारानें सांगण्याजोगा आहे.

टाटा एंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची टेल्को, ही मुळांत जमशेदपूरची. १९६० नंतरच्या दशकांत सुमंत मुळगांवकर यांच्या देखरेखीखालीं तिनें पिंपरी-चिंचवड परिसरांत आपला दुसरा मोठा कारखाना उभारला. २००३ सालीं तिचें नांव टाटा मोटर्स झालें. मालमोटारी हा तिचा धंदा. या कंपनीनें संपूर्णपणें येथें आंखलेली छोटी प्रवासी मोटार करण्याचें ठरविलें, तेव्हां रतन टाटा यांनीं तिच्यापुढें ठेवलेलें उद्दिष्ट साध्या शब्दांत असें होतें: बाहेरून मारुती झेनएवढी, आंतून अँबॅसडरएवढी ऐसपैस, किंमत मारुती ८०० च्या आसपास आणि खर्च डिझेलचा. चार निरनिराळ्या गाड्यांतील एकेक गुण उचलून एका गाडींत घालण्याची ही मागणी ऐकून धंद्यांतील पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. बाह्यरूपाच्या कामीं इटलींतील तुरीन येथील एका संस्थेची मदत घेण्यांत आली. नवा कारखाना उभारण्यास लागणारा पैसा वांचविण्यासाठीं ऑस्ट्रेलियांत बंद पडलेला निस्सान कंपनीचा मोटार-कारखाना विकत घेऊन, तो सुटा करून, जहाजांनीं आणून येथें पुन्हां जोडण्यांत आला. एकंदर प्रकल्प सुमारें १,७०० कोटी रुपयांचा. १९९८ च्या जानेवारींत दिल्लीच्या प्रदर्शनांत गाडी लोकांनीं पाहिली आणि त्याच वर्षीं ३० डिसेंबर रोजीं ती विक्रीस निघाली. नांव इंडिका. प्रत्येक मोटारींत अधिक मोटार, अशा अर्थाची जाहिरात होती. आठवड्याभरांत सुमारें १ लक्ष १५ हजार लोकांनीं पैसे भरून नोंदणी केली.

मग गाड्या रस्त्यावर आल्या आणि कांहीं महिन्यांतच सूर पालटला. एंजिनाचा आवाज फार. गाडी उभी असतां सर्वांगास कंप जाणवतो. टायर अकालीं झिजतात. गिअर सुखासुखीं पडत नाहीं. हीं गाऱ्हाणीं देशभरांतून येऊं लागलीं, आणि ज्या उत्साहानें लोकांनीं पैसे भरले होते त्याच उत्साहानें तीं येऊं लागलीं. मालमोटार चालविणारा आवाजाविषयीं तक्रार करीत नाहीं. तो फेऱ्या आणि डिझेल मोजतो. ज्या कारखान्यानें तीन दशकें अशा ग्राहकाचें ऐकलें, त्याचा कान त्या आवाजास सरावला असल्यास नवल नाहीं. परंतु इंडिका घेणारा हा नवा ग्राहक होता. तो बँकेंत किंवा शाळेंत नोकरी करणारा, आयुष्यांत पहिल्यानेंच मोटार घेणारा. शेजारच्याची झेन त्याच्या कानाशीं होती, आणि सँट्रो व मॅटिझ या कोरियन वळणाच्या गाड्या त्याच सुमारास बाजारांत उतरल्या होत्या. चेतकच्या मालकास नव्हती ती गोष्ट, म्हणजे तुलना, त्याला मिळाली होती.

येथें मोटारीच्या गाऱ्हाण्याची भाषा कशी असते हें पाहण्यासारखें आहे. ग्राहक अभियंत्याच्या शब्दांत बोलत नाहीं. त्याला कांहींतरी ऐकूं येतें किंवा अंगास जाणवतें, आणि तो तें नादाच्या शब्दांनीं सांगतो. या बाबतींत मराठी फार संपन्न आहे. कुरकुर म्हटली कीं जाणता मेस्त्री समजतो, प्लास्टिकवर प्लास्टिक घांसत आहे. खडखड म्हणजे सैल झालेला पत्रा किंवा पट्टी. खड्ड्यांतून जातांना पुढच्या चाकाकडून एकच टक् असा आवाज आला तर सांध्यांतील बुश झिजला. वेग वाढला कीं वाढणारी घूं घूं ही बेअरिंगची. सकाळीं सुरू करतांच चीं करून ओरडतो तो बहुधा पट्टा. भोसरीच्या गॅरेजमधील पोऱ्या या शब्दांवरून अर्धें निदान करतो, आणि मोठ्या कारखान्यांतहि प्रथम हेंच करावें लागतें. कंपनीच्या कागदावर आवाज, कंप आणि कर्कशपणा यांचें एक खातें असतें, त्याचे मापक असतात, आलेख असतात. परंतु त्या सगळ्यांच्या मुळाशीं कोणा गृहस्थाचें ‘घरघर येते हो’ हेंच वाक्य असतें. त्या घरघरीचें माप काढून ती एंजिनाच्या बैठकीवरील रबरापर्यंत नेऊन पोहोंचविणें, हें मोटारीच्या धंद्यांतील अत्यंत कष्टाचें काम आहे, आणि बाहेरच्या जगास त्याची फारशी माहिती नाहीं.

टेल्कोनें ती घरघर नाकारली नाहीं. निरनिराळ्या शहरांत शिबिरें भरवून विकलेल्या गाड्या बोलावण्यांत आल्या आणि त्यांचे सदोष भाग विनामूल्य बदलून देण्यांत आले. दरम्यान आंखणीच्या टेबलावर एंजिनापासून चाकांच्या जोडणीपर्यंत फेरफार चालले होते. ते करून २००१ सालीं गाडीची दुसरी आवृत्ति, इंडिका व्ही-२, बाहेर पडली. २०००-०१ सालीं कंपनीला सुमारें ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला होता. मालमोटारींचा बाजारहि त्या वर्षीं बसलेला असल्यामुळें तो सगळा इंडिकाच्या माथीं मारणें बरोबर नव्हे, परंतु ही दुसरी आवृत्ति फसली असती तर तिसरी निघाली असती कीं नाहीं याची शंकाच आहे. व्ही-२ फसली नाहीं. ती इतकी चालली कीं पुढें डिझेलच्या इंडिकावांचून पुण्या-मुंबईकडील टॅक्सीचा धंदा कल्पितां येईना. २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

पहिली इंडिका घेतलेल्या लाखभर कुटुंबांनीं आपल्या कटकटीनें दुसरी इंडिका घडविली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. त्यांना त्याचें वेतन मात्र कोणी दिलें नाहीं.

याच गाडीस पुढें विलायतेंत आणखी एक गाऱ्हाणें ऐकावें लागलें, आणि तें आवाजाविषयीं नव्हतें. बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिजच्या एम. जी. रोव्हर कंपनीला छोटी मोटार हवी होती आणि ती नव्यानें आंखण्यास तिच्याजवळ पैसा नव्हता. तिनें पुण्याहून इंडिका नेली, नांवाची पट्टी बदलली, बंपर बदलला, स्प्रिंगा थोड्या ताठ केल्या आणि २००३ सालीं सिटी रोव्हर म्हणून ती ६,४९५ पौंडांस विकावयास काढली. तेथील परीक्षकांनीं तिची यथेच्छ चेष्टा केली. कंपनीनें परीक्षणासाठीं गाडी देण्याचें नाकारल्यावर बी. बी. सी. च्या एका प्रसिद्ध कार्यक्रमाचा निवेदक कपड्यांत कॅमेरा लपवून, गिऱ्हाईक बनून विक्रेत्याकडे गेला. पिंपरींत जी गाडी पैशाचें चीज करणारी ठरली तीच तेथें पैसा बुडविणारी ठरली. लोखंड तेंच होतें. ज्या किंमतीस ती तेथें मांडली त्या किंमतींत त्या ग्राहकाला दुसरें बरेंच कांहीं मिळत होतें, एवढाच काय तो फरक. २००५ च्या एप्रिलांत रोव्हरचें दिवाळें वाजलें; तें कांहीं या गाडीमुळें नव्हे, पण ती गाडी तें टाळूंहि शकली नाहीं.

इतका वेळ ऐकूं येणाऱ्या दोषांचें झालें. ज्या दोषाचा ग्राहकाला पत्ताच लागत नाहीं त्याचें काय? त्याचेंहि उदाहरण चाकणशीं संबंधित आहे. फोक्सवॅगन कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. २०१५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत असें उघडकीस आलें कीं या कंपनीच्या कांहीं डिझेल मोटारींत परीक्षेचा प्रसंग ओळखणारी आज्ञावलि बसविली होती. गाडी यंत्रावर तपासली जात असतां ती धूर स्वच्छ ठेवी आणि रस्त्यावर आली कीं मोकळी सोडी. भारतांतील गाड्यांची तपासणी पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशननें केली, आणि डिसेंबरांत कंपनीनें फोक्सवॅगन, स्कोडा व ऑडी या तीन नांवांच्या मिळून ३ लक्ष २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें जाहीर केलें. या गाड्यांच्या मालकांनीं धुराविषयीं ओरड केल्याचें कोणी ऐकलें नव्हतें. करणार कशी? गाडी छान धांवत होती. दोष मागच्या नळींतून बाहेर जात होता आणि तो मागून पायीं येणाराच्या छातींत भरत होता; त्याच्याजवळ गाडीचें बिल नसल्यामुळें तो ग्राहकच नव्हता.

या सर्व अनुभवाच्या उजेडांत पुन्हां चिंचवडच्या त्या घरांतील फोनकडे पाहिलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. या ग्राहकास रांग नाहीं. दुकानांत पन्नास तऱ्हेचे फोन मांडलेले आहेत. तुलना करावयास तो मोकळा आहे, तक्रार करण्यास तर फारच मोकळा आहे. असें असून त्याचें गाऱ्हाणें इंडिकाच्या गाऱ्हाण्याप्रमाणें आंखणीच्या टेबलावर जाऊन पोहोंचतांना दिसत नाहीं.

ईअरफोनच्या छिद्राची गोष्ट घ्यावी. २०१६ च्या सप्टेंबरांत अ‍ॅपल कंपनीनें आपल्या आयफोन ७ मधून तें काढून टाकलें. जगभर ओरड झाली. प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं आपल्या जाहिरातींतून त्याची टर उडविली, आणि दोन-तीन वर्षांत आपापल्या महागड्या फोनमधून त्यांनीं स्वतःच तें छिद्र बुजविलें. चार्जरचेंहि तसेंच. २०२० च्या ऑक्टोबरांत अ‍ॅपलनें पर्यावरणाचें कारण सांगून तो पेटींतून वगळला. सॅमसंगनें आरंभीं चिमटे काढले आणि थोड्याच महिन्यांत तोच कित्ता गिरविला. याचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको. लोकांनीं गाऱ्हाणें केलें खरें, परंतु तें करीत असतांनाच फोनहि विकत घेतला. विक्रीचा आंकडा ज्याच्यापुढें असतो त्याला यांतील कोणतें वाक्य मोठ्यानें ऐकूं येतें हें सांगावयास नको. निवड पन्नास फोनांची दिसते, परंतु पन्नासहि फोन जर एकाच सांच्यांतून निघत असतील तर ती चेतकच्याच रांगेची नवी तऱ्हा होय.

जेथें गाऱ्हाण्याची दखल घेतली गेली तेथेंहि उत्तर कसें मिळालें तें पाहण्याजोगें आहे. २०१० सालीं निघालेल्या आयफोन ४ ची बाहेरची धातूची कडा हीच त्याची अँटेना होती. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावरील फटीवर तळहात टेकला कीं बोलणें तुटे. प्रथम ग्राहकांस फोन निराळ्या रीतीनें धरण्याचा सल्ला मिळाला. ओरड थांबेना, तेव्हां १६ जुलै रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं पत्रकारांस बोलावून सर्वांना एक रबरी वेष्टण फुकट देण्याचें कबूल केलें. वस्तूच्या आंखणींतील उणीव वस्तूवर झांकण घालून भरून काढण्याची ही युक्ति आतां इतकी रूढ झाली आहे कीं ग्राहक तें झांकण आपण होऊन, आपल्या पैशानें, फोनबरोबरच विकत घेतो. पेट घेणाऱ्या वस्तूचा न्याय मात्र वेगळा असतो. त्याच २०१६ सालीं सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन बॅटरींतून पेटूं लागला. बदलून दिलेले फोनहि पेटले. आणि दोन महिन्यांत तो बाजारांतून कायमचा उठविण्यांत आला. आग कोणासहि ऐकूं येते.

शिवाय फोनचें गाऱ्हाणें मुकें आहे. त्याला कुरकुर नाहीं, खडखड नाहीं. तो तापतो, हँग होतो किंवा मंद होतो, यापलीकडे सांगावयास शब्द नाहींत. आणि या तीन शब्दांवरून कोणताहि मेस्त्री निदान करूं शकत नाहीं. मंद झालेला फोन म्हातारा झाला असें गृहीत धरून लोक नवा घेतात. परंतु २०१७ च्या डिसेंबरांत अ‍ॅपल कंपनीस मान्य करावें लागलें कीं बॅटरी क्षीण झालेले जुने फोन अचानक बंद पडूं नयेत म्हणून त्यांची गति आज्ञावलीनेंच कमी केली जात होती. ही गोष्ट ग्राहकास कोणी सांगितली नव्हती. नवी बॅटरी घातली कीं तोच फोन पुन्हां चपळ होई. म्हणजे चाकणच्या मोटारींतील धुराप्रमाणें येथेंहि दोष होता आणि मालकास ठाऊक नव्हता. फरक इतकाच कीं या खेपेस त्याची झळ त्याच्याच खिशास लागत होती. कंपनीनें पुढें बॅटरी बदलण्याचा आकार उतरविला, आणि २०२० सालीं अमेरिकेंत ५० कोटि डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तडजोड केली.

बॅटरीचा प्रश्न या सर्व गाऱ्हाण्यांत मुख्य आहे, कारण फोनचें आयुष्य तिच्यावर ठरतें. बाकी सर्व शाबूत असतां केवळ तिच्यासाठीं फोन टाकून देणें हें सेल संपला म्हणून टॉर्च फेंकण्यासारखें आहे. युरोपीय संघानें २०२३ सालीं असा नियम केला कीं १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढतां व बदलतां आली पाहिजे; टिकाऊपणाच्या कडक अटी पुऱ्या करणाऱ्या फोनांस त्यांत सवलत ठेविली आहे, आणि ही सवलत किती रुंद निघते यावर पुष्कळ अवलंबून राहील. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. त्यावर कंपन्यांनीं सुटे भाग, हमी आणि दुरुस्ती यांची माहिती द्यावी अशी योजना आहे. ती माहिती देण्याची योजना आहे, सक्तीची नव्हे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

कायद्याची बाजू पाहूं गेल्यास महाराष्ट्रास, आणि विशेषेंकरून पुण्यास, या विषयांत उणें म्हणवून घेण्याचें कारण नाहीं. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांतच ग्राहक पंचायतीचें काम सुरू केलें, तेव्हां देशांत ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता; तो १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्यांत दोन गोष्टी नव्या व महत्त्वाच्या आहेत. ग्राहक आतां स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें तक्रार देऊं शकतो, मग विकणारा कोठेंहि असो. आणि वस्तु घडवितांना झालेल्या चुकीप्रमाणेंच तिच्या आंखणींतील दोषामुळें इजा वा नुकसान झालें तर त्यासाठींहि कारखानदारास जबाबदार धरतां येतें. मात्र नावड आणि दोष यांत कायदा भेद करतो. कॅमेऱ्याचा उंचवटा डुगडुगतो, पेटींत चार्जर नाहीं, फोन हातांत मावत नाहीं, हीं गाऱ्हाणीं खरीं असलीं तरी पेटीवर तसें छापलेलें असून ग्राहकानें तें पाहून घेतलेलें असतें. त्यावर उपाय दुकानांत, पैसे देण्यापूर्वींच आहे. बॅटरी फुगणें, हमीच्या मुदतींत पडद्यावर रेघ उमटणें, कंपनीनें पाठविलेल्या नव्या आज्ञावलीनें फोन बंद पडणें, हीं मात्र दोषाचीं गाऱ्हाणीं होत. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर त्यांची नोंद करतां येते, आणि पुष्कळ प्रकरणें आयोगापर्यंत न जातां तेथेंच मिटतात.

गाऱ्हाणें लिहावयाचें कसें, हें चाकणच्या कारखान्यांतून घरीं परतणाऱ्या गृहस्थास वास्तविक कोणी शिकवावयास नको. ‘गाडी बेकार आहे’ असा कागद त्याच्या मेजावर आला तर तो खालीं जातो. ‘सकाळीं एंजिन थंड असतां, चढावर, दुसऱ्या गिअरमध्यें, डाव्या पायाशीं घरघर येते’ असा आला तर वर येतो, आणि दुपारपर्यंत कोणीतरी तीच गाडी तशाच चढावर नेऊन पाहतो. घरीं येऊन फोनविषयीं लिहावयास बसल्यावर मात्र तोच गृहस्थ ‘अत्यंत निकृष्ट, पैसे वायां गेले’ एवढें लिहून मोकळा होतो. त्यानें असें लिहून पाहावें: फोन अमुक दिवशीं घेतला, बिल सोबत आहे, १२ तारखेस नवी आज्ञावलि आली, त्या दिवसापासून चार्ज होतांना, सत्तर टक्क्यांच्या पुढें गेल्यावर, पाठीचा उजवा कोपरा तापतो, कॅमेरा व इतर सर्व बंद असतांहि तापतो, वेष्टण काढून ठेवलें तरी तापतो. अशा पत्रास सर्व्हिस सेंटरच्या खिडकींतल्या माणसाला ‘वापर जास्त असेल’ असें उत्तर देतां येत नाहीं. त्याला बिलावरची तारीख पाहावी लागते आणि फोन उघडावा लागतो.